अस्तरातली पुडी

“काकू, हे जरा जपून उघडा हं,” डॉक्टर बोरगावकर माझ्या शिवणाच्या टेबलावर जाकीट ठेवत म्हणाले. “माझ्याकडच्या सतरा जाकिटांत याच्या तोडीचं एक नाही.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात.”

“तेव्हा सोळा होती.”

ही एक्याण्णव सालच्या जानेवारीतली, एका शनिवारची गोष्ट. बोरगावकर आमच्या देवळाली कॅम्पातले दातांचे डॉक्टर. पेशंटचं तोंड उघडं असलं तरी बोलायचं काम तेच करायचे. हौस काय, तर वैमानिकांची जुनी कातडी जाकिटं जमवणं. कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या माळ्यावर एखादं पडलंय असं कानावर आलं की दवाखाना बंद करून गाडी काढायचे. मग उसवलेली अस्तरं, अडकणाऱ्या चेन, कसर लागलेल्या कॉलरी माझ्याकडे यायच्या.

शिवणावरच माझं आयुष्य उभं राहिलं. आमचे हे हवाई दलात वैमानिक होते, उत्तरेकडच्या एका तळावरून डोंगरातल्या ठाण्यांना रसद पोचवायचे. चौसष्ट सालच्या माघात गेले. मी तेवीस वर्षांची होते. माहेरी येऊन मशीन घेतलं. आधी ब्लाउज आले, मग गणवेश, मग ही जाकिटं. कातड्याला मी पूजा आटोपल्यावरच हात लावी, त्यासाठी वेगळं पातळ नेसे, आणि सोमवारी तर मुळीच शिवत नसे. गिऱ्हाइकं हसायची, पण सोमवारी येत नसत.

“चहा घेता ना?” मी विचारलं.

“घेतो. पण पोहे करू नका, हात जोडतो. तुमचे ते अळणी पोहे खाल्ले की मला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं.”

मी हसले. माझं मीठ बंद आहे हे कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं. का नाही, ते मात्र मी एकट्या बोरगावकरांना सांगितलं होतं, तेही मागच्या दिवाळीत, माझी दाढ काढली त्या दिवशी. गुंगीच्या इंजेक्शनमुळे म्हणा, की ते चक्क पाच मिनिटं गप्प बसले होते म्हणून म्हणा, मी बोलून गेले.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी सोळा सोमवार धरले होते. ह्यांचं विमान निघालं की परत येईपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही, त्यावर हा एकच उपाय मला माहीत होता. दिवसभर उपास, दिवेलागणीनंतर एकदाच जेवण, आणि तेही अळणी. पहिल्या सोमवारचा अंगारा आणि बेलाचं पान खणाच्या तुकड्यात बांधून त्याची पुडी मी ह्यांच्या जाकिटाच्या अस्तरात शिवून टाकली. डावीकडे, काळजाशी. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, “अगं, तांदळाची पोती न्यायची की तुझा महादेव? वजन मोजून घेतात आमच्याकडे.”

चौदावा सोमवार होता. शेजारच्या गुप्तेवहिनींकडे जेवायला माणसं यायची होती, म्हणून मी आमटीला हात द्यायला गेले. एरवी नैवेद्य व्हायचा असतो म्हणून मी स्वयंपाकाची चव कधी घेत नाही. पण त्या म्हणाल्या, “मीठ बघा हो जरा,” आणि पळी पुढे केली. मी बघितलं. जिभेला चव लागल्यावर आज काय वार आहे ते आठवलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. मी धावत घरी येऊन चूळ भरली, देवापुढे नाक घासलं.

त्या रात्री तळावरून निरोप आला, विमान परतलं नाही. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. विमान डोंगरावर आदळलं, सोमवारी, सकाळी अकरा वाजता. कुणाला काही कळायच्या आत सगळं संपलं.

तेव्हापासून मी मीठ सोडलं. सत्तावीस वर्षं झाली होती. कुणी मला दोष दिला नव्हता, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी आणि महादेव, दोघांनाच ठाऊक. रोज सकाळी मी त्याला एक बेल वाहायची आणि एकच विचारायची, चूक माझी होती तर शिक्षा त्यांना का? तो कधी बोलला नाही.

“बघा, आता गंमत सांगतो,” डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला ठेवून जाकीट उताणं केलं. गडद तपकिरी कातडं, मेंढीच्या लोकरीची कॉलर, आत जाड सुती अस्तर. “जाकीट ज्याचं त्याची सगळी कुंडली सांगतं. हे नॅव्हिगेटरचं आहे. म्हणजे नकाशे घेऊन मागे बसणाऱ्याचं. नॅव्हिगेटर काय करतो? टेबलावर वाकतो. मग दोन्ही बाह्यांची खालची बाजू झिजायला हवी. आणि इथे बघा, डावं कोपर तेवढं गुळगुळीत झालंय. डाव्या खुर्चीत बसून खिडकीला कोपर टेकणाऱ्याचं असं होतं. म्हणजे कॅप्टनचं.”

“मग असेल कॅप्टनचं.”

“पण ज्यांनी दिलं ते नॅव्हिगेटर होते ना! मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘बोरगावकर, तुम्ही दात बघा.’”

मी हसत हसत चष्मा लावला आणि अस्तर तपासायला घेतलं. उजवी बाजू खाली उसवली होती, तिथे चार टाक्यांचं काम. मग डावीकडे वळले.

डाव्या बाजूचं अस्तर छातीपाशी बोटभर उकलून पुन्हा शिवलेलं होतं. पिवळ्या रेशमी दोऱ्यानं. साखळी टाक्यानं.

अस्तर कुणी साखळी टाक्यानं शिवत नाही. शिंपी उलटी टीप घालील, घरची बाई हेम करील. साखळी टाका भरतकामाचा. तेवीस वर्षांच्या ज्या मुलीला उशीच्या अभ्र्यावर फुलं भरण्यापलीकडे काही येत नव्हतं, तीच फक्त कातडी जाकिटाचं अस्तर साखळी टाक्यानं शिवील. शेवटची साखळी जरा मोठी होती. दोरा संपत आला होता म्हणून मी ती ओढून धरली होती. मला आठवत होतं.

मी त्या जागेवर बोट ठेवलं. आत काहीतरी कडक लागलं.

“काकू? काय झालं?”

मी कात्री पुढे सरकवली, आणि डॉक्टरांनीच एक एक साखळी कापली. आतून पुडी निघाली. खण मातकट झाला होता, पण काठाची रुईफुलं दिसत होती. माझ्या लग्नातल्या खणाची.

हे जाकीट ह्यांच्या अंगावर होतं. त्या सोमवारी पहाटे मी स्वतः त्याची चेन वर ओढून दिली होती. उन्हाळ्यात बर्फ उतरल्यावर ह्यांचे अवशेष मिळाले, तिथेच अग्नी दिला, मला अस्थींचा डबा आला. जाकीट त्यांच्याबरोबर गेलं असं मी सत्तावीस वर्षं समजत होते. आणि ते माझ्या टेबलावर पडलं होतं. कुठे जळल्याची खूणसुद्धा नव्हती.

“हे कुणी दिलं तुम्हांला?” मी विचारलं.

“विंग कमांडर चौबळ. नाशकात असतात, गंगापूर रोडला.”

त्या पत्राखाली नाव होतं ते प्रभाकर चौबळ असं. त्या विमानातून जिवंत परतलेला एकटा माणूस. आमच्या क्वार्टरवर दर रविवारी जेवायला यायचा. वरणभातावर तूप कमी पडलं तर “वहिनी, सरांच्या ताटातलं वळवा इकडे” म्हणायचा. अपघातानंतर पत्र आलं, पण तो स्वतः कधी आला नाही.

डॉक्टर टक लावून माझ्याकडे बघत होते. मग खाली बघून म्हणाले, “काकू, एक सांगायचं राहिलं. जाकीट देताना त्यांनी एक अट घातली होती. दुरुस्ती सबनीसबाईंकडेच करायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. मला वाटलं, तुमच्या कामाची कीर्ती पोचलीय.”

“मला तिथे घेऊन चला,” मी म्हणाले. “आत्ता.”

पातळ बदललं नाही, देवाला सांगितलं नाही. सुईदोऱ्याचा डबा हातात होता तो तसाच राहिला. डॉक्टरांच्या फियाटमध्ये मी जाकीट मांडीवर घेऊन बसले. नाशिक येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

चौबळांनी स्वतःच दार उघडलं. केस पांढरे झाले होते, हातात काठी. माझ्याकडे आणि मग जाकिटाकडे बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

“या वहिनी,” ते म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही जरा...”

“मी गाडीत बसतो.”

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांचे बूट वेगळे होते, पुढून आखूड. नंतर कळलं, पायांची बोटं बर्फात गेली होती.

“उघडलंत?” त्यांनी विचारलं.

मी पुडी तिपाईवर ठेवली. ते बघत राहिले.

“असं आहे होय. मी कधी उघडलं नाही. नुसतं हाताला लागायचं.”

“हे ह्यांच्या अंगावर होतं.”

“हो.”

“मग तुमच्याकडे कसं? तुम्हीच लिहिलं होतं, कुणाला काही कळायच्या आत सगळं संपलं.”

“ते खोटं होतं, वहिनी.”

भिंतीवर घड्याळ होतं. मला त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“विमानात आम्ही चौघं होतो. पुढे बसलेला सहवैमानिक आणि मागचा सार्जंट, दोघं जागच्या जागी गेले. सरांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. इंजिनाला आग लागली होती, मी त्यांना ओढून बाहेर काढलं. त्यात माझं जाकीट पेटलं, फेकून द्यावं लागलं. मग विमानाचा पंख तुटून पडला होता, त्याच्या आडोशाला बसलो. दिवसभर.”

“दिवसभर?”

“हो.”

“म्हणजे हे... दिवसभर...”

“बोलत होते. थट्टासुद्धा करत होते. म्हणाले, ‘चौबळ, तुझ्या नकाशात हा डोंगर होता का रे?’”

ते ह्यांचंच बोलणं होतं. दुसऱ्या कुणाला ते सुचणार नाही. सत्तावीस वर्षं ज्या माणसाला मी एका क्षणात गेलेला समजत होते, तो दिवसभर बर्फात बसून थट्टा करत होता.

“किती वाजता पडलं विमान?” मी विचारलं.

चौबळांनी काठीची मूठ दोन्ही हातांत घट्ट धरली.

“यासाठीच जाकीट पाठवलं, वहिनी. डॉक्टर गेल्या महिन्यात आले होते. गप्पिष्ट माणूस. म्हणाले, आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, नवरा वैमानिक होता, अकरा वाजता त्यांनी चुकून मीठ चाखलं आणि अकरा वाजता विमान पडलं, तेव्हापासून त्यांनी मिठाला स्पर्श केला नाही. नाव सांगितलं तेव्हा कळलं, त्या तुम्हीच. वहिनी, आमचं विमान पावणेआठला पडलं.”

“पण पत्रात अकरा होतं.”

“अकरा ही आमची परत यायची वेळ होती. तळावरच्या फळ्यावर आमच्या विमानापुढे खडूनं लिहिलेली. मी दवाखान्यात होतो, पायांना पट्ट्या, हाताला कलम धरवत नव्हतं. कारकुनानं विचारलं, वेळ काय लिहू? मी म्हटलं, फळ्यावर असेल ती लिही. मला वाटलं, वेळेनं काय फरक पडतो?”

मला गुप्तेवहिनींचं स्वयंपाकघर दिसत होतं, पळी दिसत होती, घड्याळ दिसत होतं. त्या घड्याळात अकरा वाजले तेव्हा सव्वातीन तास होऊन गेले होते. माझ्या जिभेला मीठ लागलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, आणि हे जिवंत होते.

“आणि बाकीचं?” मी विचारलं. “काही कळायच्या आत, ते?”

“ते सरांनी सांगितलं होतं. मला शप्पथ घातली. ‘शरयूला सांग, लगेच गेलो. मी बर्फात बसलो होतो हे तिला कळलं तर ती आयुष्यभर थंडीत बसेल.’ दुपारी मला थंडीची हुडहुडी भरली, तेव्हा त्यांनी स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर चढवलं. मी नको म्हणत होतो. तर म्हणाले, ‘माझा पाय चालत नाही, तुझा चालतो. जाकीट चालणाऱ्या माणसाला लागतं. आणि हे बघ, आमच्या हिनं यात काहीतरी शिवलंय. तिला वाटतं, मला माहीत नाही. तीन महिने टोचतंय. ते हरवू नकोस.’”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तीन महिने टोचत होतं, आणि त्यांनी ते काढलं नव्हतं.

“उजाडताच मला खाली जायला सांगितलं. हुकूम म्हणूनच सांगितलं, तेव्हा निघालो.” चौबळांनी काठी बाजूला ठेवली. “मी निघालो तेव्हा ते जिवंत होते, वहिनी. मदत घेऊन पोचायला तीन दिवस लागले आणि तोवर हिमकडा कोसळून सगळं बर्फाखाली. कधी गेले ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून मी तुमच्याकडे आलो नाही. पत्रात खोटं लिहिता आलं, तुमच्या तोंडावर बोलता आलं नसतं.”

मी उठून खिडकीशी गेले. बाहेर डॉक्टर गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते, ऊन होतं, कुणीतरी गॅलरीत गाद्या वाळत घालत होतं. मला रडू आलं नाही. नुसता पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला, भर दुपारी.

“माझ्याबद्दल आणखी काही म्हणाले?”

“एकदा. संध्याकाळी. घड्याळ बघून म्हणाले, ‘सात वाजले. आज सोमवार ना? ती आता दिवा लावून जेवायला बसली असेल. अळणी. आणि तोंड कसं करते माहीत आहे? जसं काही श्रीखंड खातेय.’ मग बराच वेळ हसत होते.”

सात वाजता मी जेवायला बसले होते. मीठ चाखलं म्हणून सकाळी रडले होते, पण संध्याकाळी पाटावर बसून दहीभात खाल्ला होता, अळणी. तो सोमवार मी एकटीनं जेवले असंच मी धरून चालले होते.

मागून चौबळ म्हणाले, “वहिनी, हे तुमचं आहे. घेऊन जा. मला आता ते घालायचा अधिकार नाही.”

मी खुर्चीवर येऊन बसले. डबा उघडला. पिवळा रेशमी दोरा माझ्याकडे नेहमीच असतो. पुडी पुन्हा होती तिथे ठेवली, डावीकडे, आणि साखळी टाक्यानं शिवायला घेतलं. साखळ्या वेड्यावाकड्या पडल्या. ते बघत होते. दोरा तोडला आणि उसवलेली उजवी बाजूही शिवून दिली.

मग उठून जाकीट त्यांच्या खांद्यांवर घातलं.

“त्यांनी तुम्हांला दिलंय,” मी म्हणाले. “मी कोण परत घेणारी?”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी निघाले.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी विचारलं, “काकू, माझं अठरावं जाकीट गेलं ना?”

“गेलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “मी फार बोलतो. माझी बायको सांगत असते.”

“बोलत जा,” मी म्हणाले. “आणि पुढे त्या वाण्याच्या दुकानाशी जरा थांबवा.”

“काय हवंय?”

“मीठ.”

त्यांनी गाडी थांबवली. स्वतःच उतरले आणि पुडी आणून माझ्या हातात दिली, दुसरीकडे बघत.

त्या दिवशी वरणात चिमूटभर घातलं. तोंड पोळल्यासारखं झालं, दोन घासांवर जेवता आलं नाही. सवय व्हायला दोन महिने लागले. महादेवाला आता मी काही विचारत नाही. नुसता बेल वाहते.

सोमवार मात्र मी अजून अळणीच करते. नवस म्हणून नाही. सात वाजता दिवा लावते, पाटावर बसते, आणि सावकाश जेवते, तोंड वाकडं न करता. लांबून कुणी बघत असेल तर त्याला श्रीखंडच दिसावं.